बेरजेचे काम आणि वजाबाकीचे काम
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मी यंत्रज्ञ नव्हे. आयुष्यभर मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविली. आजचा विषयही त्या दोन क्रियांचाच आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटीत आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर संसार उभा केलेली आपली काही घरे आहेत. तेथील कोणी तरुण आता वडिलांचा लेथ विकून, वर कर्ज काढून, धातूची वस्तू छापणारे थ्रीडी यंत्र घेऊ म्हणतात. त्यांच्यासाठी चार शब्द.

लेथची रीत वजाबाकीची. पोलादाची कांब फिरते, हत्यार तिला कातते, नको तो अंश कीस होऊन खाली पडतो. वेरूळचे कैलास लेणे असेच डोंगरातून वजा करीत काढलेले आहे. दुसरी रीत बेरजेची. कुंभार मातीच्या वळ्या रचून रांजण उभारतो, तद्वत् यंत्र थरावर थर चढविते. अमेरिकेच्या चार्ल्स हल यांना अशा एका रीतीचे पेटंट १९८६ मध्ये मिळाले.

तिचे सामर्थ्य थोर आहे, हे मी नाकारीत नाही. ९ मे २०२४ रोजी इस्रोने पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचे छापील इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. पूर्वीच्या १४ भागांचा एकच भाग झाला, १९ सांधे गेले. आणि जेथे ५६५ किलो धातू लागे, तेथे १३.७ किलो चूर्ण पुरले!

परंतु अग्निबाण वर्षाला मोजकेच लागतात. आपल्याकडे येणारे काम साध्या गोल शाफ्टचे. त्यासाठी कांबेहून कितीतरी महाग असे चूर्ण वापरून, मिनिटांच्या कामाला तास का लावावेत? शिवाय छापलेला पृष्ठभाग खरबरीत असतो. बेअरिंग बसावयाचे तेथे तो पुन्हा कातावा लागतो. म्हणजे लेथ विकणारा शेवटी शेजाऱ्याच्या लेथपाशी उभा!

मधली एक वाट मात्र आहे. कारखान्यातील जुन्या पंपाचा पंखा मोडतो. तो भाग आता कोणी करीत नाही. एका नगासाठी लाकडी फर्मा परवडत नाही. तेथे फर्मा प्लॅस्टिकचा छापावा. धातू थंड होताना आकसतो, म्हणून किंचित मोठा. ओतकाम नेहमीच्या ओतशाळेत करावे आणि मधले भोक लेथवर मापात आणावे. प्लॅस्टिक छापणारे लहान यंत्र धातूच्या यंत्रामानाने फार स्वस्त मिळते; त्यासाठी घरचा लेथ मोडावा लागत नाही.

कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी तरुणांनी गेल्या वर्षाची कामाची वही काढावी, आणि आत हत्यार शिरत नाही म्हणून किती कामे परत पाठवावी लागली, तेवढे मोजून मला सांगावे.