बातमी कुठे पिकते, मदत कुठे पोचते

(गोंदिया जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आज या धानाच्या मुलखात कपाशी-ज्वारीवाले शेतकरी पाहुणे म्हणून आले आहेत. म्हणून आपल्या दोघांच्याही वाट्याला आलेल्या एका वर्षापासून सुरुवात करू. २०१७ सालचा खरीप आठवा. तुमच्याकडे गुलाबी बोंडअळीने कपाशीची बोंडे आतून पोखरली. त्याच हंगामात आमच्या भंडारा-गोंदियात तुडतुड्याने धान धरले. बांधीत गोल गोल चट्टे पडले आणि लोंबीत दाणा भरायच्या आत उभ्या धानाचा तनस झाला. बोंडअळी मुंबईच्या वर्तमानपत्रांत गेली, टीव्हीवर गेली. तुडतुडा बहुतेक जिल्ह्याच्या पानावरच राहिला. बोंडअळी ठाऊक नाही असा धानवाला या मंडपात सापडणार नाही. पण आमचा तुडतुडा ठाऊक असलेले कपाशीवाले किती निघतील?

त्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात मदत जाहीर झाली. कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ३०,८०० रुपये आणि कोरडवाहू धानाला ७,९७० रुपये. हा सगळा फरक बातमीने पाडला असे म्हटले तर ते खोटे होईल. आकडा फोडून पाहा. सरकारच्या आपत्ती निधीतले ६,८०० रुपये दोन्हीकडे सारखेच होते. कपाशीच्या आकड्यात विम्याचे ८,००० आणि बियाणे कंपन्यांकडून वसूल करायचे १६,००० मिळवलेले होते. कंपन्यांनी ते देणे काही मान्य केले नाही. म्हणजे निम्म्याहून मोठा भाग सरकारच्या तिजोरीतला नव्हताच. बातमी मोठी होती म्हणून घोषणाही मोठी करावी लागली. पुढे बातमी थांबली, आणि घोषणेच्या मागे जायला कोणी उरले नाही.

बातमी आणि मदत यांचे हे नाते काय आहे, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. जगभरच्या अभ्यासकांनी यावर काम केले आहे आणि त्यातले बरेचसे आपल्या उपयोगाचे आहे.

पहिली गोष्ट अमर्त्य सेन यांनी मांडली. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली. सरकार दुष्काळ हा शब्दही उच्चारू देत नव्हते. ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या स्टेट्समनने भुकेने मेलेल्या माणसांचे फोटो छापले, तेव्हा कुठे जगाला कळले. चीनमध्ये १९५८ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसे गेली, कारण खरे छापणारे पत्र नव्हते आणि जाब विचारणारा विरोधी पक्षही नव्हता. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात ज्वारी जळाली, पण मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मोर्चे निघत होते, विधानसभेत आवाज होत होता, वर्तमानपत्रे लिहीत होती. म्हणून सरकारला हलावे लागले.

पण सेन यांनीच दुसरी बाजूही सांगितली आहे. उपासमारीने माणसे पटापट मेली तर बातमी होते. रोज अर्धपोटी राहून माणूस झिजत गेला तर बातमी होत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याचे दुखणे या दुसऱ्या जातीचे आहे. दरसाल थोडा तोटा, दरसाल थोडे कर्ज. त्याला एका दिवसाचा मथळा नसतो.

आयझेन्सी आणि स्ट्रॉमबर्ग या दोघा अभ्यासकांनी १९६८ ते २००२ या काळातल्या जगभरच्या सुमारे ५,००० नैसर्गिक आपत्ती तपासल्या. अमेरिकेच्या टीव्हीवर कोणती आपत्ती दिसली आणि अमेरिकेने कोणाला मदत पाठवली, हे त्यांनी ताडून पाहिले. ज्या दिवसांत ऑलिंपिक चालू असते, त्या दिवसांत आलेल्या आपत्तीची बातमी कमी होते आणि मदतही कमी मिळते. ज्वालामुखीत एक माणूस मेला तर बातमी होण्याची जेवढी शक्यता असते, तेवढीच शक्यता यायला अन्नटंचाईत सुमारे ४० हजार माणसे मरावी लागतात. ज्वालामुखी डोळ्यांना दिसतो. करपलेले शेत टीव्हीवर नुसते माळरान दिसते.

आपल्याकडचा दाखला पी. साईनाथ यांनी दिलेला आहे. २००६ साली मुंबईत फॅशनचा मेळा भरला. त्याची बातमी घ्यायला ५१२ मान्यताप्राप्त पत्रकार हजर होते. प्रदर्शन सुती कपड्यांचे होते. त्याच दिवसांत तो कापूस पिकवणारा विदर्भातला शेतकरी आत्महत्या करत होता, आणि त्याच्यासाठी बाहेरून आलेले पत्रकार बोटांवर मोजण्याइतके होते.

तरी थोड्या लोकांनी लिहिले, स्थानिक पत्रांनी रोजच्या नोंदी छापल्या, आणि त्याचा परिणाम झाला. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. २००८ साली देशभराची कर्जमाफी आली. पण त्या माफीत काय होते? पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी. त्यापुढच्याला, आधी ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट. विदर्भातला आठ-दहा एकर कोरडवाहूवाला या हिशेबात मोठा शेतकरी ठरला. बातम्यांनी आपले मरण सांगितले होते, पण आठ एकर कोरडवाहूत किती उरते हा हिशेब त्यांनी सांगितला नव्हता. सरकारने ऐकले ते मरण, आणि हिशेब केला आपल्या मनाने.

इथे आपलीही एक चूक कबूल करू. आम्हीही मेलेल्या भावाचे फोटो मोठे करून लावले. त्याने लोक हेलावतील असे वाटले. अभ्यास वेगळे सांगतो. व्हिएन्नात भुयारी रेल्वेवरच्या आत्महत्यांच्या बातम्या रंगवून छापल्या जात. १९८७ साली तिथल्या पत्रांनी तसे न छापण्याचे नियम पाळायला सुरुवात केली आणि त्या आत्महत्या झपाट्याने कमी झाल्या. आपल्या प्रेस कौन्सिलनेही २०१९ साली तसे नियम घातले. खचलेल्या माणसाला रंगवलेली बातमी वाट दाखवते. म्हणून मरणाची मिरवणूक नको. कर्ज कोणाचे, व्याज किती, भाव काय पडला, हे सांगू.

आता उपायाकडे वळू. बेस्ली आणि बर्जेस या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या १६ राज्यांचा १९५८ ते १९९२ पर्यंतचा हिशेब तपासला. ज्या राज्यात वर्तमानपत्रे जास्त खपतात, तिथले सरकार पीक बुडाल्यावर धान्य आणि मदत जास्त देते असे त्यांना दिसले. त्यातही काम करतात ती प्रादेशिक भाषांतली पत्रे. म्हणजे इंग्रजीत नाव येण्याची वाट पाहायचे कारण नाही. मराठी पत्रातही ती ताकद आहे. अडचण एवढीच की आता जिल्ह्याजिल्ह्याची पाने वेगळी झाली. गोंदियाचे दुःख गोंदियातच वाचले जाते आणि यवतमाळचे यवतमाळात. धुऱ्यापलीकडचा शेजारी काय भोगतो हे आपल्याला कळत नाही, मग मंत्रालयाला कुठून कळणार?

शेवटचा दाखला आफ्रिकेतल्या युगांडाचा. तिथे शाळांसाठी सरकार पैसे पाठवत होते. १९९१ ते १९९५ या काळात त्यातले सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोचत असल्याचे तपासणीत निघाले. मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पैसे सोडले हे वर्तमानपत्रात छापायला सुरुवात केली आणि शाळेच्या भिंतीवरही लावायला सांगितले. २००१ पर्यंत सुमारे ८० टक्के पैसे पोचू लागले. इतरही सुधारणा त्या काळात झाल्या होत्या. पण ज्या शाळेजवळ वर्तमानपत्र मिळत होते, तिथे पैसे जास्त पोचले असे अभ्यासकांनी दाखवले आहे. लक्षात घ्या, ही बातमी रडण्याची नव्हती. ती नुसती जमाखर्चाची होती. मथळ्याने घोषणा मिळते. पैसा हातात पडतो तो जमाखर्च छापल्याने.

म्हणून या मेळाव्यातून दोन कामे घेऊन जाऊ.

गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फळा लावा. पंचनामा कोणत्या तारखेला झाला, किती हेक्टर लिहिले, मदत किती जाहीर झाली, खात्यात किती आली आणि कधी आली, हे त्यावर लिहा. धान आणि कापूस कोणत्या तारखेला दिला, चुकारा कधी मिळाला, तेही लिहा. तलाठी किंवा तहसील माहिती देत नसेल तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे, अर्ज करा. फळा भरला की त्याचा फोटो जिल्ह्याच्या वार्ताहराला द्या.

दुसरे काम देवाणघेवाणीचे. गोंदियाचा फळा यवतमाळ-वर्ध्याच्या पत्राकडे जाईल आणि तुमचा फळा आमच्याकडे येईल. कपाशीच्या बातमीवर धानवाल्यांच्या सह्या असतील आणि धानाच्या बातमीवर कपाशीवाल्यांच्या. दोन पिकांची एकच तक्रार निघाली की ती जिल्ह्याच्या पानात मावणार नाही.

तुडतुडा पुन्हा येईल, बोंडअळीही येईल. तेव्हा पत्रकार कुठे आहेत हे विचारत बसायची पाळी येऊ नये. फळ्यावर तारीख लिहायला खडू लागतो. तो या मंडपातूनच घेऊन जा.