वर्गांत जन्मलेलें नृत्य

नृत्यविद्यालयाचा शिक्षणक्रम पुरा होत आला, कीं विद्यार्थ्यांचा एक जाहीर प्रयोग करण्याची प्रथा सर्वत्र आहे. अशा प्रयोगाकडे प्रेक्षक कौतुकानें पाहतात. पण त्या कौतुकांत थोडी सवलतही मिसळलेली असते. मुलें अजून शिकत आहेत, तीं चुकायचींच, असें मनांत धरून टाळ्या दिल्या जातात. शिक्षकही मग एखाद्या नांवाजलेल्या कलाकृतीचें सोपें रूप बसवितो आणि विद्यार्थ्यांचें उणें झांकण्याची खटपट करतो. परंतु तें उणें न झांकतां त्यांतूनच नवी कलाकृति उभी करतां येते काय? या प्रश्नाला १९३४ सालीं अमेरिकेंत एक उत्तर मिळालें. तें उत्तर म्हणजे ‘सेरेनेड’ हें बॅले नृत्य.

त्याचा रचनाकार जॉर्ज बॅलन्शीन हा १९०४ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें जन्मला आणि तेथील शाही नाट्यविद्यालयांत शिकला. विद्यार्थिदशेंतच चायकोव्हस्कीच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेंत तो रंगभूमीवर आला होता. १९२४ सालीं त्यानें रशिया सोडला, आणि ऑक्टोबर १९३३ मध्यें लिंकन कर्स्टीन या तरुण रसिकाच्या निमंत्रणावरून तो न्यूयॉर्कला पोंचला. नृत्यसंघ काढावयाचा तर आधीं विद्यालय हवें, असा त्याचा आग्रह होता. त्याप्रमाणें २ जानेवारी १९३४ रोजीं ‘स्कूल ऑफ अमेरिकन बॅले’ सुरू झालें, आणि त्याच वर्षीं मार्च महिन्यांत सायंकाळच्या वर्गांत नव्या नृत्याची जुळणी होऊं लागली.

नृत्य नवें, पण संगीत जुनें होतें. चायकोव्हस्कीनें १८८० सालीं केवळ तंतुवाद्यांच्या मेळासाठीं ‘सेरेनेड’ ही चार खंडांची रचना केली होती. पहिला खंड म्हणजे मोझार्टच्या शैलीला वाहिलेली आदरांजलि, दुसरा वॉल्ट्झ, तिसरा विलापिका, आणि चौथा रशियन लोकगीतांच्या चालींवर उभारलेला चपळ, आनंदी शेवट. ही रचना नृत्यासाठीं लिहिलेली नव्हती. ती वाद्यवृंदाच्या सभागृहांत बसून ऐकण्याची होती.

वर्गांत काय घडलें, तें बॅलन्शीननेंच पुढें सांगितलें आहे. पहिल्या सायंकाळीं सतरा मुली हजर होत्या. सतरा ही अडचणीची संख्या. सारख्या रांगा लावाव्यात, तर एक मुलगी उरते. पण त्यानें तिला वगळलें नाहीं; सतरा जणींचीच एक आकृति बांधली. पुढच्या वेळीं नऊच मुली आल्या, त्यानंतर सहा. जितक्या आल्या तितक्यांसाठींच त्यानें त्या त्या दिवसाचा भाग रचला. एक मुलगी धांवतां धांवतां पडली आणि रडूं लागली. दुसरी एक उशिरा आली. तें पडणें आणि तें उशिरा येणें, दोन्ही त्यानें नृत्यांत ठेवून दिलीं.

नृत्याचा प्रारंभही वर्गांतल्या पहिल्या धड्याचाच आहे. सतरा मुली उजवा हात वर करून, जणूं डोळ्यांवर येणारा प्रकाश अडवीत, स्तब्ध उभ्या असतात. हात हळूहळू खालीं येतात. आणि मग समांतर ठेवलेलीं पावलें एकदम बाहेरच्या बाजूस उघडतात. टांचा जुळलेल्या, चवडे बाहेर वळलेले, ही बॅलेची पहिली अवस्था. नवख्या मुलीला पहिल्याच दिवशीं शिकवितात ती. या खंडाच्या अखेरीस प्रारंभीचे सूर परत येतात, मुली पुन्हां त्याच आकृतींत उभ्या राहतात, आणि तेवढ्यांत एक जण त्यांच्यामधून आपली जागा शोधीत येते. हीच ती उशीर झालेली विद्यार्थिनी. पण प्रेक्षकाला ती आयुष्यांत आपलें स्थान शोधणारी कोणी वाटते. नृत्यांत कथा नाहीं, असें बॅलन्शीन म्हणत असे. तरी पाहणाऱ्याला ती सुचल्यावांचून राहत नाहीं.

१० जून १९३४ रोजीं न्यूयॉर्कजवळ व्हाइट प्लेन्स येथें, वॉरबर्ग कुटुंबाच्या बागेंत, विद्यार्थ्यांनीं हें नृत्य प्रथम करून दाखविलें. त्या वेळीं त्यांत पहिले तीनच खंड होते. चौथा खंड १९४० सालीं जोडला गेला. पण तो शेवटीं न ठेवतां विलापिकेच्या आधीं घालण्यांत आला.

येथें संगीतप्रेमी हटकून विचारील, कीं रचनाकाराचा क्रम मोडण्याचा अधिकार नर्तकाला कोणी दिला? आक्षेप खोटा नव्हे. मूळ रचनेंत चौथ्या खंडाच्या अखेरीस पहिल्या खंडाचे गंभीर सूर पुन्हां उमटतात आणि वर्तुळ पुरें होतें. ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्या श्रोत्याला मिळणारें तें समाधान प्रेक्षकाला मिळत नाहीं. मात्र त्या बदल्यांत त्याला दुसरें कांहीं मिळतें. चपळ नृत्य संपतें तेव्हां एक मुलगी जमिनीवर पडलेली असते, आणि तिच्या त्या पडण्यांतूनच विलापिका सुरू होते. शेवटीं तिलाच उभी उचलून प्रकाशाकडे नेतात, आणि तिचें शरीर हळूहळू मागें झुकत जातें. वर्गांतल्या एका चुकीला एवढा अर्थ यावयाचा, तर शेवट विलापिकेनेंच व्हावा लागतो. हा क्रम बदलण्यामागें लहर नव्हती. नृत्याची ती गरज होती.

बॅलन्शीन १९८३ सालीं निवर्तला. ‘सेरेनेड’ मात्र मोठमोठे नृत्यसंघ आजही करतात, आणि अनेक विद्यालयांचे विद्यार्थीही आपल्या अखेरच्या प्रयोगासाठीं तेंच निवडतात. आजच्या विद्यार्थिनी त्या पहिल्या सतरा जणींपेक्षां कितीतरी तयार असतात. त्यांना नेमक्या मात्रेवर उशिरा यावें लागतें, आणि पडावें कसें, हें महिनोन्‌महिने शिकावें लागतें.