पऱ्हाटी ते पेट्रोलपंप: मधली वाट कोण बांधणार?

एसटीत असाल, शेतात असाल, नाहीतर लायब्ररीत अभ्यास बाजूला ठेवून इअरफोन लावून बसला असाल, सगळ्यांचं स्वागत. आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्याचा बाज मुद्दाम तसाच ठेवलाय.

आजचा प्रश्न असा: प्रयोगशाळेत लागलेला जैवइंधनाचा शोध पंपावर पोचतो कसा? आणि त्यात आपल्या जळगाव-धुळ्याचं काय?

गाडीत आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकतो आपण. हे इथेनॉल मुख्यतः उसाचा रस, मळी, तांदूळ आणि मका यांपासून येतं. म्हणून तर हल्ली मक्याच्या भावाची गोष्ट निघाली की इथेनॉलचं नाव निघतंच. याला म्हणतात पहिली पिढी. दुसऱ्या पिढीचं इथेनॉल काडीकचऱ्यापासून बनतं. काडीतही साखर असते, पण ती सेल्युलोजमध्ये बांधलेली आणि भोवती लिग्निनचं कवच. आधी ते कवच सैल करायचं, मग एन्झाइमनं सेल्युलोज तोडून साखर मोकळी करायची, मग ती आंबवायची आणि शेवटी ऊर्ध्वपातन.

ऐकायला सोपं आहे, पण फ्लास्कमध्ये जमलेलं टनावारी जमेलच असं नाही. खऱ्या काडीसोबत माती येते, खडे येतात, ओल कमी-जास्त होते, यंत्र तुंबतं. हे फ्लास्कमध्ये कळत नाही. आणि फक्त शोधनिबंध वाचून कुठली कंपनी शेकडो कोटी गुंतवत नाही. म्हणून दोघांना मधे एक पायरी लागते, प्रात्यक्षिक प्रकल्पाची.

महाराष्ट्रातली दोन उदाहरणं बघा. मुंबईत माटुंग्याला इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी आहे, जुन्या लोकांची यूडीसीटी. तिथे प्रा. अरविंद लाली यांच्या टीमनं केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं तंत्र विकसित केलं. पण त्याचा प्रकल्प उभा राहिला उत्तराखंडात काशीपूरला, इंडिया ग्लायकॉल्स कंपनीच्या आवारात. २०१६ मध्ये त्याचं उद्‌घाटन झालं. क्षमता रोज १० टन काडीकचरा. म्हणजे पैसा सरकारचा, डोकं संस्थेचं, जागा आणि कारखान्याचा अनुभव कंपनीचा.

दुसरं पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. त्यांचं संशोधन केंद्र स्वतःचंच. २०१७ मध्ये त्यांनी दौंडजवळ प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. पुढे तेच तंत्र इंडियन ऑइलनं पानिपतला वापरलं. १० ऑगस्ट २०२२ ला लोकार्पण झालं. खर्च ९०० कोटींहून जास्त. उद्दिष्ट वर्षाला साधारण २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल. टनाला १५० लिटर झाले.

आता खान्देशचा हिशोब मांडू. एकट्या जळगाव जिल्ह्यात कापूस चार-पाच लाख हेक्टरवर. हेक्टरी दोन टन पऱ्हाटी धरली, तरी आठ लाख टन. तिच्या पाव हिश्शात पानिपतएवढा कारखाना चालेल, निदान कागदावर.

पण कागद आणि शेत यात फरक आहे. पऱ्हाटी म्हणजे पेंढा नव्हे, ती लाकडासारखी कडक. उपटायला मजूर लागतात. ट्रॉली शिगोशीग दिसते, पण काट्यावर वजन भरत नाही. शेतातच तुकडे करायचे तर श्रेडर हवा, डिझेल हवं. शिवाय काही पऱ्हाटी चुलीत जाते, काही जण ती बारीक करून जमिनीतच गाडतात, आणि तेही जमिनीच्या फायद्याचंच. दुसरी बाजूही आहे. फरदड घेऊ नका, बांधावर पऱ्हाटीचे ढीग ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यात राहते, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पऱ्हाटी वेळेत उचलणारं गिऱ्हाईक मिळालं तर पुढच्या पिकाचंही भलं होईल.

म्हणून मला वाटतं, संस्था आणि कंपनी यांच्या करारात तिसरा भागीदार लिहिलेला असावा: शेतकरी. चंद्रज्योत आठवते का घरच्यांना, विचारा. त्या बियांच्या डिझेलची २००३ नंतर देशभर मोठी हवा झाली. पण कोरडवाहू जमिनीत उत्पन्न कमी निघालं, खरेदीची पक्की सोय नव्हती, आणि हवा विरली.

आपल्याकडे माणसं नाहीत असं नाही. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञान शिकवतात, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड आणि ब्रिकेट्सवर काम केलंय. आपल्या मातीतली पऱ्हाटी किती साखर देते, किती अंतरापर्यंत तिची वाहतूक परवडते, हे मोजायला इथलीच पोरं हवीत.

तर उद्या सामंजस्य कराराचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, की फॉरवर्ड करण्याआधी चार प्रश्न विचारा. प्रात्यक्षिक कुठल्या काडीवर झालंय, पेंढ्यावर की पऱ्हाटीवर? पेटंट कोणाचं, आणि रॉयल्टीतून संस्थेला काय मिळणार? पऱ्हाटीचा भाव शेतावरचा की कारखान्याच्या गेटवरचा, म्हणजे तोडणी-वाहतूक कोणाच्या खिशातून? आणि कारखाना बंद पडला तर उचललेल्या मालाचे पैसे कोण देणार?

तुमच्या गावात यंदा पऱ्हाटीचं काय केलं? चूल, रोटाव्हेटर, की काडी लावली? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू!