कचऱ्याचा चेंडू का वळला?

परवा रात्री टीव्हीवर पुन्हा ‘लगान’ लागला होता. 2001 सालचा हा सिनेमा मला तोंडपाठ. तरी एक प्रश्न डोक्यात घोळत राहिला. नव्या चेंडूवर मार खाणारा त्यातला फिरकीपटू कचरा जुन्या चेंडूवर हॅटट्रिक कशी घेतो?

सकाळी घरातले दोन लेदर बॉल हातात घेतले. नवा असा गुळगुळीत, की नखही घसरावं. जुना खरखरीत, पार सोललेला. उत्तर तिथंच होतं. चकचकीत चेंडू टप्प्यावर घसरून सरळ निघतो. खरखरीत चेंडूला जमिनीची पकड मिळते, घर्षण वाढतं आणि बोटांनी दिलेली फिरकी त्याला वळवते. कसोटीत नवा चेंडू 80 षटकांनंतर घेता येतो, तोवर फिरकीपटूंची चंगळ!

तेव्हा पुढचा सामना पाहताना धावफलकाबरोबर चेंडूचं वयही बघा.