एकासाठी ‘दे’



नोकरीच्या इंग्रजी जाहिरातीत ‘उमेदवार’ म्हटलं की पुढे बरेचजण ‘ही’ आणि ‘हिज’ लिहितात. वाचणाऱ्या मुलीला वाटतं, ही जागा आपल्यासाठी नाहीच. मी तिथे ‘दे’ आणि ‘देअर’ लिहिते.

“एका माणसाला अनेकवचन कसं?” असं सहकारी विचारतात. एपीए या अमेरिकी लेखन-नियमावलीच्या २०१९च्या आवृत्तीत ते मान्य आहे. आणि आपल्या सोलापुरात तर ते जुनंच! “सर आले”, “बाई आल्या” हे एकासाठी अनेकवचनच. फक्त मराठीत स्त्री-पुरुष कळतं. वर्गातल्या कन्नड मैत्रिणीचं ‘अवरू’, तेलुगू मैत्रिणीचं ‘वारू’ यांत मान असतो आणि तेही कळत नाही. ‘दे’ तसंच आहे. मुलींनो, मसुदा तुमच्या हाती आला की बिनधास्त लिहा.