तोंडवलीत आपले स्वागत

सन्माननीय अध्यक्ष, मुंबई, पुणे आणि बांबोळीहून आलेले मेंदूविकारतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि जिल्ह्यातील माझ्या डॉक्टर बंधुभगिनींनो,

एका अंगाला कालावलची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, अशा आमच्या चिंचोळ्या गावात आपले मनापासून स्वागत.

नर्व्ह बायोप्सीची चर्चा तोंडवलीत कशाला, असे काहींनी विचारले. इथे रापण ओढणारा माणूस वाळूत अनवाणी उभा असतो. तळव्याची जाणीव गेली की शिंपला कापलेला त्याला उमगत नाही. "पायाक काय लागला ता कळना नाय," एवढेच तो सांगतो, आणि बहुतेकदा साखरेवर बोट ठेवून आपण मोकळे होतो.

मधुमेह आहे, दोन्ही पाय सारखेच आणि हळूहळू बधिर होत गेले आहेत, तर नस कापायचे कारणच नाही. पण कोपरामागची नस जाड लागते, करंगळी वाकू लागते आणि अंगावर चट्टा एकही नसतो, तेव्हा काय? निव्वळ नसांचा कुष्ठरोग असाच लपून राहतो. त्वचेच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत. बाधित संवेदी नसेचा तुकडा मात्र पुष्कळदा निदान देऊन जातो. कुष्ठरोगातील नसांच्या अभ्यासाचे मोठे काम आपल्याच मुंबईत झाले आहे. डॉ. दरब दस्तूर यांचा कुष्ठरोगातील त्वचेच्या नसांवरचा निबंध १९५५ साली ‘ब्रेन’मध्ये छापून आला. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोग निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठले गेले, तरी रुग्ण येतच आहेत. वेळीच निदान झाले तर सहा किंवा बारा महिन्यांच्या मोफत गोळ्यांनी जंतू मरतात. वाकलेली बोटे मात्र गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

रक्तवाहिन्यांच्या दाहाने किंवा अमिलॉइड साचून नस बिघडते, तेव्हाही नसेचा तुकडाच निदान देऊ शकतो. दाहासाठी महिनोन्महिने स्टेरॉइड द्यायचे, तर हाती पुरावा हवा.

पण या बायोप्सीची किंमत रुग्ण मोजतो. घोट्यामागची सुरल नस घेतली की पावलाची बाहेरची कड बधिर होते, काहींना तिथे दुखतही राहते. हे त्याला त्याच्या भाषेत, सही घेण्याआधी सांगितलेच पाहिजे. आणि इतके सोसून दिलेला तुकडा ताणला गेल्यामुळे किंवा नीट न ठेवल्यामुळे वाया जाणे मला अक्षम्य वाटते.

म्हणून पाहुण्यांना एक विनंती. नस कोणती निवडावी, तुकडा कसा ठेवावा आणि इथून प्रयोगशाळेपर्यंत कसा पोहोचवावा, हे आमच्या तरुण डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा. त्यासाठी दुपारचे सत्र मोकळे ठेवले आहे.