मी वाघिणी विकतो

(रौप्यमहोत्सवी वर्षातील 'आपले शेजारी, आपले छंद' या मालिकेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)

चहा आधी की भाषण आधी या विचारात बसलेल्या माझ्या सगळ्या शेजाऱ्यांनो,

चहा नंतर आहे. मी कमिटीला विचारूनच उभा राहिलोय.

गेली दहा-अकरा वर्षं माझ्याकडे कुरिअरवाले येतात-जातात. आपल्या वॉचमनची समजूत होती की मी सोन्याचांदीचं काम करतो. सी विंगमधल्या एका वहिनींना वाटायचं की मी देवाच्या मूर्तींचे पितळी मखर बनवतो. शेवटी लिफ्टमध्ये एकाने सरळ विचारलंच, "काका, तुम्ही नक्की विकता काय?" मी म्हटलं, "वाघिणी." तो पुढच्याच मजल्यावर उतरला.

तर वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. मराठीत हा इतका छान शब्द आहे आणि आपण तो विसरत चाललोय. मी या वाघिणींच्या छोट्या प्रतिकृतींचे संच बनवतो. तयार डबा नाही, संच. आत्ता तुमच्यात जो पितळी पत्रा फिरतोय, तो बघा. पोस्टकार्डाएवढा आहे. त्यात डब्याच्या दोन बाजू, दोन टोकं, दारं, कड्या, पायऱ्या, ब्रेकचे दांडे असं सगळं कोरलेलं आहे. प्रत्येक भाग बारीक दांडीने चौकटीला धरून ठेवलाय. घेणाऱ्याने तो कापायचा, घडी घालायची, डाग द्यायचा, म्हणजे सोल्डर करायचं, आणि रंगवायचं. चाकं मी देत नाही, ती बाजारात तयार मिळतात. पत्रा जपून हाताळा, कडा बोटाला लागतात.

पितळ कशाला, प्लास्टिक का नाही, असं मला नेहमी विचारतात. प्लास्टिकच्या डब्याला पोलादी साचा लागतो. साच्याचा खर्च इतका, की हजारो नग खपले तरच तो भरून निघतो. मी विकतो चाळीस, पन्नास. कोरीव पत्र्याला लागते फक्त ड्रॉइंगची फिल्म. म्हणून ज्या गाड्या फार थोड्यांना आठवतात, त्यांच्यासाठी हाच मार्ग. शिवाय पत्रा पातळ असतो. खऱ्या डब्याच्या दाराची कड जाडीने जशी दिसते, तशी ती छोट्या डब्यातही दिसते. इंग्लंडमध्ये अशी कितीतरी माणसं आहेत, जी घरातल्या टेबलावर एकेका रेल्वेचे असे संच बनवून विकतात. मी त्यांच्याकडूनच शिकलो.

माझी रेल्वे म्हणजे बार्शी लाइट. माझं लहानपण कुर्डुवाडीत गेलं. वडील मालधक्क्यावर होते. एका बाजूला मोठ्या रुळांची गाडी, दुसऱ्या बाजूला अडीच फुटी रुळांची छोटी गाडी, आणि मध्ये पाठीवर पोती घेतलेले हमाल. एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत, दिवसभर.

ही रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने आखली आणि 1897 मध्ये ती कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. पुढे पंढरपूर, 1911 मध्ये लातूर, 1927 मध्ये मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. 1954 मध्ये ती सरकारने घेतली, आणि नंतर टप्प्याटप्प्याने तिथे मोठे रूळ आले. कॅलथ्रॉपचा विचार साधा होता. इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. म्हणजे हलके रूळ चालतात, आणि हलक्या रुळांचा खर्च बार्शीसारख्या गावाला झेपतो. त्यासाठी त्याने वाघिणींचा सांगाडा दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा केला. सगळ्यांचा एकच मापाचा, पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद. ती गाडी इकडे येण्याआधी 1896 मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून तिच्या चाचण्या झाल्या होत्या. हे लीड्स लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मी पिंपरीला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. सुट्टीत गावी गेलो की मोजपट्टी घेऊन जायचो. एका स्टेशनाबाहेर चाकं काढून ठेवलेली एक जुनी वाघीण होती. गँगमन लोक तिच्यात हत्यारं ठेवायचे. त्यांना विचारून मी दोन दिवस ती मोजली, रिबिटांवर खडूने खुणा करत करत. नंतर काही वर्षांनी गेलो तेव्हा ती जागेवर नव्हती. भंगारात गेली असणार. माझ्याकडे वही उरली.

आता थोडं गणित, घाबरू नका. माझं प्रमाण आहे सत्त्याऐंशीला एक. अडीच फुटी रूळ म्हणजे 762 मिलिमीटर. त्याला 87 ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात. आणि बाजारात नऊ मिलिमीटरचे छोटे रूळ आणि चाकं तयार मिळतात! जणू कॅलथ्रॉपसाहेबांनी माझीच सोय बघितली होती. पंचवीस फुटी वाघीण होते साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर, रुंदी साडेचोवीस. तळहातावर मावते.

पत्रा कसा कोरतात? ड्रॉइंगच्या दोन फिल्म करायच्या, एक पुढची, एक मागची. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाने घट्ट होणारा लेप असतो. फिल्म ठेवून त्यावर प्रकाश टाकला की हवा तेवढा लेप राहतो, बाकीचा धुऊन जातो. मग गरम फेरिक क्लोराइडचा फवारा. जिथे लेप नाही तिथे ते पितळ खातं. दोन्ही बाजूंनी खाल्लं की आरपार भोक. एकाच बाजूने खाल्लं की पत्रा तिथे अर्धा उरतो. या अर्ध्या खाण्यातच सगळी गंमत आहे. रेघ अर्धी खाल्ली की तिथे सरळ घडी पडते. मागून ठिपका अर्धा खाल्ला की तिथे बोथट सुईने दाबायचं, आणि पुढून रिबिट वर येतं. एक मात्र आहे, हे पाणी खाली खाता खाता बाजूलाही खातं. म्हणून पत्र्याच्या जाडीपेक्षा बारीक भोक काढायचं नाही, आणि प्रत्येक रेघ काढताना ती किती खाल्ली जाईल हे आधीच धरून चालायचं.

आता ज्या प्रकरणाची तुम्ही वाट बघताय, त्याकडे येतो.

निवृत्त झाल्यावर पहिलं वर्षभर हे कोरण्याचं काम मी घरीच करायचो. मागच्या बाल्कनीत, प्लास्टिकच्या टबात. फेरिक क्लोराइडचा डाग तुम्ही पाहिलाय? गंजासारखा पिवळा-तपकिरी, आणि एकदा पडला की गेला असं होत नाही. एका संध्याकाळी टब कलंडला. पाणी बाल्कनीच्या कोपऱ्यातून झिरपून खालच्या मजल्यावरच्या भिंतीवर उतरलं. त्या भिंतीला नुकताच रंग दिलेला होता, घरात साखरपुडा होता.

कमिटीचं पत्र आलं. मला राग आला. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, मी काय दारू गाळतोय का? मी उत्तरही लिहिलं, चांगलं दोन पानी. ते पाठवण्याआधी खालच्या वहिनींनी मला वर हाक मारली, म्हणजे मला खाली बोलावलं. चहा दिला आणि म्हणाल्या, "भाऊ, भिंतीचं सोडा. हे पाणी वापरून झालं की तुम्ही टाकता कुठे?"

मी गप्प बसलो. कारण मी ते बाल्कनीच्या मोरीत ओतत होतो. त्या पाण्यात पितळातलं तांबं उतरलेलं असतं. ते लोखंडी पाइप खातं, आणि पुढे नदीत गेलं तर माशांना विषासारखं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण "एवढंसं तर आहे" असं म्हणत होतो. दोन पानी उत्तर फाडलं. भिंतीचा रंग मी भरून दिला, राहिलेलं पाणी कॅनमध्ये भरून ज्यांच्याकडे त्याची रीतसर विल्हेवाट लावायची सोय आहे त्यांच्याकडे पोचवलं, आणि घरचं कोरणं बंद केलं. त्या दिवसापासून ड्रॉइंग माझं आणि कोरणं भोसरीतल्या एका नेमप्लेटवाल्याकडे. तो दारावरच्या पाट्या करतो, त्याच यंत्रात माझ्या वाघिणी निघतात. आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगल्या निघतात.

दुसरी चूक याहून महागात पडली.

पहिल्या पक्क्या संचाचे मी चाळीस पत्रे करून घेतले. त्यातला एक स्वतः जोडला, फोटो काढले, आणि विकायला सुरुवात केली. सत्तावीस गेले. पुणे, मुंबई, चेन्नई, आणि बरेचसे इंग्लंडमध्ये. मी हवेत! मग यॉर्कशायरमधल्या एका गृहस्थांचं पत्र आलं. लीड्सजवळच राहणारे, म्हणजे जिथे आपल्या गाडीची चाचणी झाली त्याच भागातले. फार सभ्य पत्र होतं. त्यांनी लिहिलं होतं की संच सुंदर आहे, फक्त तळाचा पत्रा दोन बाजूंच्या मध्ये बसत नाही. त्यांनी तो कानशीने घासून बसवला. पण एखाद्या नवख्याला ते जमणार नाही, एवढंच कळवतो.

मी ड्रॉइंग काढून बघितलं. डब्याची रुंदी साडेचोवीस, ती बाहेरून. दोन्ही बाजूंचे पत्रे प्रत्येकी 0.3 मिलिमीटर. म्हणजे तळ हवा 23.9. मी काढला होता 24.5. ड्राफ्ट्समन म्हणून तीस वर्षं पगार घेतलेला माणूस, आणि पत्र्याची जाडी वजा करायला विसरला.

मग मी जोडलेला डबा कसा बसला? डबा उलटा करून भिंगाखाली धरला. तळाच्या दोन्ही कडांवर कानशीचे ओरखडे होते. जोडताना अडलं तेव्हा मीच घासलं होतं, आणि घासल्याचं मला आठवतही नव्हतं. हाताला सवय असते ना, तो चूक दुरुस्त करून मोकळा होतो. डोक्याला कळवत नाही.

त्या रात्री मी हिशेब केला. सत्तावीस नवे तळ, फिल्म, टपाल. म्हणजे तोपर्यंतचा सगळा नफा आणि वर थोडी भर. मी हिला म्हटलं, "तक्रार तर एकाचीच आहे." ही म्हणाली, "बाकीच्या सव्वीस जणांना वाटत असेल, आपल्यालाच जमत नाही."

सत्तावीस पाकिटं गेली, प्रत्येकात नवा तळ आणि माफीची चार ओळींची चिठ्ठी.

त्यानंतर मी एक नियम केला. संच मी जोडून बघायचा नाही. दुसऱ्याने जोडायचा, आणि मी शेजारी बसून एक शब्द बोलायचा नाही. पहिली परीक्षक होती आपल्या बी विंगमधली, तेव्हा दहावीत असलेली मुलगी. ती आज इथे बसली आहे, लाजू नकोस. माझं माहितीपत्रक वाचून ती सातव्या पायरीला थांबली आणि म्हणाली, "आजोबा, इथे 'नंतर जोडा' लिहिलंय. कशाच्या नंतर?" मला वाटत होतं ते उघड आहे. ते फक्त मला उघड होतं. त्या दुपारी तिने मला अकरा प्रश्न विचारले आणि मी ते माहितीपत्रक मुळापासून पुन्हा लिहिलं. आजही माझ्या पत्रकात नुसतं "नंतर" हा शब्द सापडणार नाही.

यातून पैसे मिळतात का? मिळतात, पण तासांचा हिशेब केलात तर आपला वॉचमन माझ्यापेक्षा जास्त कमावतो. फायदा वेगळाच आहे. ती भंगारात गेलेली वाघीण आज कुठल्या कुठल्या घरांत टेबलावर उभी आहे. ज्यांनी कुर्डुवाडी नकाशावरही पाहिलेली नाही अशी माणसं तिचे रिबिट एकेक करून दाबून वर काढतात. चुकलं तर मला कळवतात, आणि मी ते ड्रॉइंग सुधारतो.

माझे हात आता थोडे थरथरतात. बारीक डाग द्यायला मला वेळ लागतो. वहीत अजून चार वाघिणींची मापं आहेत, ज्यांची ड्रॉइंग व्हायची आहेत. कमिटीने रविवारी सकाळी दोन तास सोसायटीचं ऑफिस वापरायला परवानगी दिली आहे, त्याबद्दल मनापासून आभार. दहा वर्षांच्या पुढच्या कुणीही यावं. मोजायचं कसं, काढायचं कसं, घडी कशी घालायची, ते मी शिकवीन. खालच्या वहिनींनी एकच अट घातली आहे. ऑफिसात फेरिक क्लोराइडची बाटली येणार नाही. मान्य.

तो पत्रा फिरून परत आला का? आला. एक पायरी कमी दिसतेय. कुणाच्या खिशात गेली असेल तर राहू द्या. रविवारी घेऊन या, ती कुठे बसते ते दाखवतो.

आता चहा.